फुकटची शाळा, पण विलायतेतली

विलायतेला निघालात, तेही मुलांना घेऊन, हे फार उत्तम केलंत. नवरा ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, इंग्लंडातल्या स्विंडन गावी गोदामात रात्रपाळ्या करून स्थिरावला, आता तुमची पाळी. सोलं, पापड, मिरच्या आणि देवळातला अंगारा बॅगेत भरून झाला असणार. राहता राहिला मुलांच्या शाळेचा प्रश्न, आणि तो विचारायला तुम्ही योग्य माणसाकडे आलात. मी 31 वर्षं गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मास्तर होतो, आणि माझा नातू गेली तीन वर्षं तिकडे शिकतोय. पहिल्या गोष्टीमुळे मला आजवर कोणी काही विचारलं नाही. दुसरीमुळे आता दर रविवारी माणसं येतात.

सुरुवात शब्दांपासून करा. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा नव्हे. तिथल्या सर्वांत जुन्या आणि महागड्या खासगी शाळांना ते लोक पब्लिक म्हणतात. त्याला कारण आहे. श्रीमंतांची मुलं घरी शिक्षक ठेवून शिकत त्या काळी, कुठल्याही गावच्या कोणालाही, म्हणजे फी भरू शकणाऱ्या कोणालाही, दार उघडणारी शाळा ती पब्लिक. ईटनची शाळा सहाव्या हेन्रीने 1440 साली काढली ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला. आज तिथली वर्षाची फी 60 हजार पौंडांच्या वर आहे आणि तिथून आजवर 20 पंतप्रधान बाहेर पडलेत. गरिबांसाठी म्हणून संस्था काढलेल्या आपल्याकडच्या मंडळींनी धीर सोडू नये, त्यांना अजून पावणेसहाशे वर्षं व्हायचीत.

हा शब्दांचा घोळ तुमच्या फायद्याचा आहे. जत्रेला गावी आलात की ‘पोरगा तिकडे पब्लिकच्या शाळेत जातो’ असं सांगा. ते खोटं नाही, आणि समोरचा त्यातून काय समजतो ही त्याची जबाबदारी. कोणी फारच खोदून विचारलं, तर 2025च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लावलाय, हे सांगून सुस्कारा सोडा. ‘घालायचा होता हो प्रायव्हेटमध्ये, पण हा व्हॅट आला!’ गोदामाच्या पगारात व्हॅटच्या आधीची फी कशी बसली असती, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आता मन घट्ट करा. तुमचं मूल सरकारी शाळेत जाणार आहे. इंग्लंडातली शंभरातली सुमारे 93 मुलं अशाच शाळेत जातात. फी नाही. पहिली तीन वर्षं दुपारचं जेवणही फुकट. आपल्याकडे बचतगटाच्या बायांनी केलेली पावभाजी शाळेत येते, तेव्हा ‘कसलं असतं कोण जाणे’ म्हणून तुम्ही मुलाला वेगळा डबा देत होता. तिथे उकडलेला बटाटा मिळतो. त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला विसरू नका.

इथे तुमच्या घरापासून दोनशे पावलांवर मराठी शाळा होती. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गोवा मुक्त झाल्यावर गावागावांत ज्या काढल्या, त्यांतलीच. पुढे आंब्याचं झाड, मागे विहीर, दोन शिक्षक. तुम्ही त्या शाळेवरून रोज जात होता, मुलाला सकाळी पावणेसातला बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, कोंबून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवायला. मी एकदा विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, ‘शाळा बरी आहे हो मास्तर, पण तिथे सगळी बाहेरून आलेल्या कामगारांची पोरं.’ हे वाक्य जपून ठेवा. स्विंडनच्या काही भागांत गोऱ्या आया हेच वाक्य इंग्रजीत बोलतात आणि घर बदलून दुसऱ्या भागात जातात. त्यांचं म्हणणं समजायला तुम्हांला अजिबात जड जाणार नाही.

घर बदलण्यावरून आठवलं. तिथे शाळा मिळते ती पत्त्यावर. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की आधीपासून शिकणाऱ्या मुलांची भावंडं पुढे, मग शाळेच्या जवळ राहणारे पुढे. जवळ म्हणजे अक्षरशः मीटरमध्ये मोजतात. त्यामुळे चांगल्या शाळेभोवतीच्या घरांचं भाडं असं चढतं की शाळा फुकट का आहे ते कळतं. गावठी उपाय सुचेल तो करू नका. मेव्हण्याचा पत्ता लावायचा, वीजबिल त्याच्या नावावरचं दाखवायचं, हे आपल्याकडे रेशनकार्डाला चालतं. तिथली कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका समजा, चौकशी करते आणि दिलेली जागा काढूनही घेते. कायदेशीर मार्ग एकच: शाळा बघून घर घ्यायचं. मग एका खोलीत चौघं राहा, पण पोस्टकोड झकास पाहिजे. इकडे दोनशे पावलांवरच्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने तिकडे दोनशे पावलांसाठी दीडपट भाडं भरावं, ह्यात हसण्यासारखं काही नाही.

अर्जाच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. लहान मुलाच्या पहिल्या प्रवेशाची मुदत 15 जानेवारी, निकाल 16 एप्रिलला. हायस्कूलची मुदत 31 ऑक्टोबर. शाळा सुरू होते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही अर्थात चवथ झाल्याशिवाय घर सोडणार नाही, दीड दिवसाचा गणपती पाच दिवसांचा कराल, मग पोचाल. तोवर सगळ्या जागा भरलेल्या असतील आणि कौन्सिल तुम्हांला उरलेल्या शाळांची यादी देईल. निवडीचं स्वातंत्र्य ते हेच. आणि पुढच्या वर्षी शाळा चालू असताना दहा दिवसांची दांडी मारून चवथीला येणार असाल, तर दंडाचे पैसे बाजूला काढून ठेवा: दर मुलामागे, दर पालकामागे 80 पौंड, तेही एकवीस दिवसांत भरले तर. उशीर झाला की 160. दोन मुलं आणि दोन पालक, हिशेब तुम्ही करा. मी गणित शिकवायचो, पण तुम्ही माझ्या वर्गात कुठे होता?

पहिल्या वर्गाला तिथे ‘रिसेप्शन’ म्हणतात. सुनेने फोनवर ‘ह्याला रिसेप्शनमध्ये घेतलं’ म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या घरी आजीला वाटलं, चार वर्षांच्या नातवाला हॉटेलात नोकरी लागली. गोव्यात हे अगदीच अशक्य वाटत नाही.

तिसरा पर्याय चर्चच्या शाळांचा. त्याही बहुतेक सरकारी पैशावर चालतात, शिस्तीसाठी नावाजलेल्या असतात, आणि आपल्याला कॉन्व्हेंटची सवय आहेच. म्हापशाच्या हिंदू पोरांच्या कितीतरी पिढ्या सिस्टरांच्या छडीखाली वाढल्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही. पण तिथे कॅथलिक शाळेत गर्दी झाली की आधी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना घेतात, आणि दाखला मागतात. हे ऐकून आमच्याकडचे एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, ‘पाण्याचे चार थेंबच ना?’ सोळाव्या शतकात ह्याच चार थेंबांपायी मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, आपले पूर्वज रातोरात नदी ओलांडून पळाले. त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चांगल्या शाळेचा निकाल नव्हता, म्हणून ते इतके हट्टी राहिले. अगदीच धर्म सांभाळायचा असेल तर लंडनच्या हॅरो भागात 2008 साली सरकारी खर्चाची पहिली हिंदू शाळा निघालीय. स्विंडनहून मुलाला तिथे रोज नेणं म्हणजे पेडण्याहून काणकोणला नेण्यासारखं, तेव्हा अंगारा पुरेसा आहे.

शाळा चांगली की वाईट हे ठरवायला तिथे ऑफस्टेड नावाचं तपासणी खातं आहे. पूर्वी ते एका शब्दात निकाल द्यायचं, उत्कृष्ट, चांगली वगैरे. सप्टेंबर 2024मध्ये सरकारी शाळांना हा एका शब्दाचा शिक्का मारणं थांबवलं. आता पूर्ण अहवाल वाचावा लागतो. तुम्ही वाचू नका. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून न्यायला येणाऱ्या गाड्या कोणत्या कंपनीच्या आहेत ते बघा. इथेही तुम्ही तेच बघितलं होतं.

आता एका धक्क्याची तयारी करून ठेवा. तुमच्या मुलाने तीन वर्षांचा असल्यापासून इंग्रजीशिवाय काही ऐकलं नाही. तुम्ही घरात मराठी बंद केलीत, आजीने कोकणीत हाक मारली तर डोळे वटारलेत, ‘वॉटर पी’, ‘शूज घाल’ अशा खास इंग्रजीत त्याला वाढवलंत. तिथे प्रवेशाच्या फॉर्मवर विचारतात, घरी कोणती भाषा बोलता? तुम्ही खरं लिहाल, आणि मुलाच्या नावापुढे नोंद होईल: इंग्रजी ही ह्याची जोडभाषा. म्हणजे पहिली भाषा दुसरी कुठली तरी आहे, असं इंग्लंडचं सरकार गृहीत धरतं. ती कुठे गेली, हे ते विचारत नाहीत. सभ्य लोक आहेत.

माझ्या बोलण्यात तुम्हांला टोमणा ऐकू येत असेल, तर माझीही कुंडली सांगतो. 1990नंतर गोव्यात प्राथमिक शाळेला अनुदान फक्त कोकणी आणि मराठी माध्यमाला होतं, तेव्हा मी, सरकारी मराठी शाळेच्या मास्तराने, पगारातून फी भरून मुलगा इंग्रजी शाळेत घातला. सकाळी त्याला बसवर सोडायचो आणि मग माझ्या शाळेत जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना मातृभाषेचं महत्त्व शिकवायचो. 2011 साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचं ठरलं, तेव्हा पणजीच्या आंदोलनात मी होतो. मुलगा शिकून मोकळा झालेला असल्यामुळे घोषणा अगदी पोटातून देता आल्या. त्याच मुलाने पुढे माझ्या जन्मतारखेवर पोर्तुगीज पासपोर्ट काढला. 31 वर्षं शिकवून जे त्याला देता आलं नाही, ते मी 1955 साली पोर्तुगिजांच्या राज्यात नुसता जन्मून दिलं.

माझी शेवटची शाळा मी निवृत्त झालो तेव्हा सात मुलांची होती. पाच बाहेरच्या कामगारांची, दोन गावातली, त्यांतलं एक बालरथात उलटी होते म्हणून आलेलं. पुढे ती बंद झाली. इमारत धड आहे. आत आता वाड्यावरच्या मंडळाच्या खुर्च्या असतात.

तेव्हा शेवटचा सल्ला, आणि हा खराखुरा उपयोगी आहे: जाताना बाराखडीचा एक तक्ता बरोबर न्या. नातवाच्या वर्गात भिंतीवर सगळ्यांच्या घरच्या भाषा लावायच्या ठरल्या. पोलिश आली, तमिळ आली. बाईंनी चिठ्ठी पाठवली, तुमच्या भाषेतलं काहीतरी पाठवा. मुलाचा रात्री फोन, ‘बाबा, तुमच्या शाळेत तो मोठा तक्ता होता ना, कमळाच्या क चा? लवकर पाहिजे.’ लवकर म्हणजे सोमवारपर्यंत. मी मंडळाच्या पोराकडून किल्ली मागून आणली, खुर्च्या सरकवल्या, भिंतीवरून तक्ता उतरवला. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, ती झटकली. गुंडाळी करून म्हापशाला कुरिअरवाल्याकडे नेला.

तो म्हणाला, आत काय आहे? मी सांगितलं. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, किंमत किती लिहू? मी म्हटलं, बाबा, ही सरकारी शाळेची वस्तू, हिची किंमत मी काय सांगू?

‘मग राहू दे,’ तो म्हणाला, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: नो कमर्शियल व्हॅल्यू. पाठवणावळीचे मात्र साडेतीन हजार घेतले.