तळं ‘रिकामं’ का दिसलं? नेरुळच्या फेरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तक्रार अशी की, मी नेरुळच्या तळ्याभोवतालच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या फेरीचं कौतुक केलं, तुम्ही बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला आईबाबांना घेऊन संध्याकाळी गेलात, आणि वाट्याला आला चिखल न् वास. महापालिकेने गाळ उपसून, तळ सिमेंटचा करून, बारमाही पाणी भरून ठाण्याच्या तलावपाळीसारखं बोटिंग सुरू करावं, आणि तोवर मी लोकांना तिकडे पाठवू नये, असं तुमचं म्हणणं.

वासाबद्दल वाद नाही. खाऱ्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सोडतात. त्यात शहराच्या नाल्यांची भर पडते ती वेगळी, आणि तिच्यावर बोलायलाच हवं. पण सिमेंट आणि बारमाही पाणी? तिथे मी तुमच्या अगदी विरुद्ध बाजूला आहे.

मासुंदा, म्हणजे तुमची तलावपाळी, हा जमिनीवरचा तलाव. कोपिनेश्वराच्या देवळाशेजारी तो निवांत भरलेला असतो, त्याला खाडीचं काही देणंघेणं नाही. नेरुळचं तळं म्हणजे धारण तलाव, सिडकोने शहर आखताना ठेवलेला. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीवर, भराव घालून उभा राहिला, मोठ्या भरतीच्या पाण्याहून फारसा उंच नाही. भरती असताना पाऊस कोसळला तर नाल्यांचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून ते आधी या तळ्यांत साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. मधे झडप असते. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने बंद होते, उतरलं की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्याच्या बांधाची उघाडी हेच काम करत आली आहे.

म्हणजे हे तळं रिकामं होण्यासाठीच आहे. जूनमध्ये ते काठोकाठ भरून ठेवलं, तर पहिल्याच मोठ्या पावसात बोटिंग सेक्टरच्या रस्त्यांवर सुरू होईल.

गाळ काढा, हे मात्र मलाही मान्य. गाळ साचला की साठवण घटते. काही धारण तलावांत खारफुटी उगवल्याने ते काम अवघड झालंय, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताचं काम असेल आणि न्यायालयाची परवानगी असेल, तरच खारफुटीला हात लावता येतो. मला ही अट योग्यच वाटते. परवानगी मागायला लागणारी वर्षं मात्र नाही वाटत.

आता तुमच्या संध्याकाळीबद्दल. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आपल्याकडे आत खाडीत आणखी थोडा उशीर धरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नेमकी तुमची फिरायची वेळ! वर पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाणी उतरतंही नेहमीपेक्षा खाली. वैशाखात पावसाचं पाणी नाहीच. याहून उघडा चिखल बघायला मिळणं कठीण.

मला तो चिखल बघायला आवडतो, हे खरं. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि पंजे पिवळे असतात. उथळ पाण्यात तो एक पाय थरथरवत पुढे टाकतो, तळातलं काही हललं की झपकन चोच मारतो. आईबाबांना यात रस नसेल, तर अष्टमी-नवमीची संध्याकाळ धरा. तेव्हा भरती सहा-सातच्या सुमारास येते, झडप मिटलेली असते आणि तळ्यातलं पाणी टिकून असतं. पावसाळ्यात मात्र भरतीच्या वेळी मुसळधार चालू असेल, तर फेरी राहू द्या.

बाबांचे गुडघे दुखतात असं लिहिलंत. वाट सपाट आहे, पण आहे गोल. अर्ध्यावर पोचलात की पुढे जा नाहीतर मागे फिरा, चाल तेवढीच पडते. त्यामुळे पहिल्या दिवशी थोडं जाऊन बसा आणि त्याच वाटेने परत या.