सूर लावायचे पैसे वजा

परवा माझ्या एप्रिलच्या फीतून नव्वद मिनिटं कापली गेली. खरं तर सत्त्याण्णव निघत होती, पण "वरची सात सोडून दिली मॅडम, संबंध राहावेत," असं कापणाऱ्यांचं म्हणणं.

मी नाशिकच्या इंदिरानगरात राहत्या घरी व्हायोलिन शिकवते. आठवड्यातून दोनदा, पंचेचाळीस मिनिटं. हॉल एकच, त्यामुळे क्लास, सासूबाईंची मालिका आणि मुलाचा दहावीचा अभ्यास तिथेच पाळीपाळीने चालतात. एवढं कळलं की पुरे.

कापणारे गृहस्थ म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. नातू पाचवीत, त्याचं व्हायोलिन थ्री-फोर्थ साईजचं. आजोबा मात्र फुल साईज. सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत, पण ते खात्याला कळलंय, त्यांना अजून कळलेलं नाही. नातवाला सोडायला येतात आणि जात नाहीत. दाराजवळची, बरोबर पंख्याखालची खुर्ची त्यांची. आधी पेपर वाचायचे. मार्चपासून मांडीवर एक वही दिसायला लागली. मला वाटलं, म्हातारपणी स्वरलिपी लिहून घेताहेत. मी तर कौतुकानं आतून चहाही मागवला.

मध्येच आमच्या वाद्याची एक अडचण सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हायोलिनच्या तारा लाकडी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात आणि ती खुंटी भोकात नुसत्या घर्षणावर उभी असते. ना स्क्रू, ना खिट्टी. नाशिकची हवा होळीनंतर जी कोरडी ठक्क होते, त्यात लाकूड आकसतं आणि खुंटी सुटते. सकाळी लावलेला पंचम संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे. मग खुंटीला खडू घासा, आत दाबत दाबत फिरवा, एक तार चढवली की दुसरी उतरते, ती चढवली की पहिली रुसते, शेवटी खालच्या फाइन ट्यूनरवर केसभर इकडे, केसभर तिकडे. चार तारा आहेत म्हणून बरं. गेल्या उन्हाळ्यात एका पालकांनी व्हायोलिन गाडीत ठेवून कॉलेज रोडला खरेदी केली. भर दुपारी. गाडीत सरस सुटला आणि वाद्याची पाठ कडेने उघडली. तशीच माझ्याकडे घेऊन आले आणि विचारलं, "फेविक्विक चालेल का?"

हेच ऊन आमच्या सासूबाईंना मात्र हवंहवंसं असतं. गव्हाचा चीक, कुरडया, गच्चीभर प्लास्टिकचे कागद. मागे एकदा हॉलमध्ये पाहुणे होते म्हणून मी एका मुलीला वाजवायला गच्चीत पाठवलं. भूपाचे आरोह-अवरोह चालू असेपर्यंत कुरडयांकडे एकही कावळा फिरकला नाही. तेव्हापासून सासूबाईंचा माझ्या कलेवर विश्वास बसलाय. "ती नवीन पोरगी येते का गं? तिचं जास्त कर्कश लागतं, तिला वर पाठव."

तर आजोबा. एप्रिलचा शेवटचा क्लास संपला, नातू चपला शोधायला पळाला आणि हे खुर्चीतून उठेनात.

"मॅडम, एक शंका होती."

ऑडिटवाल्याला शंका नसते. त्याच्याकडे आक्षेप तयार असतो, शंका हे त्याचं कव्हरिंग लेटर.

"तुम्ही पाच वाजता क्लास सुरू करता."

"हो."

"पाच ते पाच बारा तुम्ही त्या खुंट्या पिळता."

"सूर लावते, काका."

"तेच. या काळात मुलगा काय करतो?"

मुलगा त्या काळात सोफ्याच्या कव्हरचा दोरा ओढत असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "ऐकतो. कान तयार होतो."

"ऐकायला आमच्याकडे रेडिओ आहे."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. पट्टीनं आखलेले पाच रकाने. तारीख, प्रत्यक्ष प्रारंभ, सूर पूर्ण, फरक, शेरा. अक्षर इतकं सुबक की राग यायला दोन सेकंद उशीर झाला. शेऱ्याच्या रकान्यात असं असं होतं: "मॅडमना फोन, गॅसवाला, ३ मि." "खुंटीला खडू लावला. खडू क्लासचा." "तार सैल. मॅडम चिडल्या." एका ठिकाणी नुसतंच "कुरडई" लिहिलं होतं. त्या दिवशी सासूबाईंनी मध्येच हाक मारून मला गच्चीत नेलं होतं. सगळ्यात खाली बेरीज, दोन रेघा आणि सही.

चहाचा रकाना नव्हता. प्रत्येक वेळी आलं घालून केलेला, बिनसाखरेचा, वेगळ्या पातेल्यातला चहा.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "शिकवणी हे एक हेड झालं आणि वाद्याची देखभाल हे दुसरं. तुम्ही देखभालीचा वेळ शिकवणीच्या हेडखाली टाकताय. तीनशे साठ मिनिटांतली नव्वद. पाव फी झाली. माझं म्हणणं, दोन्ही वेगळं दाखवा."

"काका, सूर लावणं हे शिकवणंच आहे."

"मग तो नातवाला येतो का?"

"अजून नाही. त्याच्या बोटात तेवढा जोर नाही. खुंटी सटकन फिरली तर तार तुटते."

"म्हणजे शिकवत नाही तुम्ही. स्वतः करता."

याला काय उत्तर आहे? मी म्हटलं, "अहो, मैफिलीत तबलजी आधी हातोडीनं तबला ठोकत बसतो. त्या वेळेचे तिकिटाचे पैसे तुम्ही परत मागता का?"

"मी मैफिलीला पासवर जातो," आजोबा म्हणाले.

मी हे पुन्हा पुन्हा आठवते आणि दर वेळी मला उशिरा चांगली उत्तरं सुचतात. भांडी घासताना सुचतात, मुंबई नाक्याच्या सिग्नलला सुचतात. त्या वेळी मात्र मी "बरं" म्हणाले. नवऱ्याला सांगितलं तर तो सातपूरच्या कारखान्यातला माणूस, त्याला आजोबांचंच पटलं. "मशीन सेटिंगचा टाइम आम्ही पण वेगळाच धरतो," म्हणाला. त्या रात्री त्याला वरण-भात वाढला. नुसता.

मुळात आमच्या घरात उन्हाळ्याच्या नावानंच भांडण पेटतं. कंपनीचं शटडाऊन मेमध्ये, त्यामुळे कोकणात जायचं ते तेव्हाच. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्चमध्येच तारीख ठरवा. नाशिकरोडहून थेट रत्नागिरीला उतरवणारी मंगला एक्स्प्रेस, पण ती येते दिल्लीकडून, सुट्टीचं अर्धं उत्तर भारत पोटात घेऊन. इकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं सत्र नेमकं एप्रिल-मेमध्ये. माझी एक मुलगी मध्यमा पूर्णला बसलेली, आणि प्रात्यक्षिकाची तारीख केंद्रावरून कळायची होती. "तारीख कळल्यावर तिकीट काढू," मी म्हणत राहिले. कळली तोपर्यंत वेटिंग लिस्ट तीन आकडी. नवऱ्यानं एसटीचा विषय काढला. मुलानं न येण्याचा विषय काढला, कारण त्याची दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झालीय.

त्या व्हेकेशन बॅचची फी वर्षाची एकरकमी, ॲडव्हान्स. मी भरली. सर आठवडाभर लग्नाला गेले, तेव्हा एकाही पालकानं मिनिटं कापली नाहीत. सर फळा पुसतात, हजेरी घेतात, माइक "हॅलो हॅलो" करून बघतात, त्या वेळेची कुणी वही घातलेली नाही. गणिताला देतात ते गुरुदक्षिणा आणि आम्हाला देतात ते मेहेरबानी. मे महिना लागला की माझे अर्धे विद्यार्थी मामाकडे जातात आणि "तो महिना आम्ही नव्हतोच ना, मॅडम" म्हणून पैसे देत नाहीत. उरलेले अर्धे "आता सुट्टीच आहे, रोज घ्या ना" म्हणतात, त्याच पैशात. तिसरा प्रकार स्केटिंग, पोहणं आणि अबॅकसच्या मधल्या फटीत व्हायोलिन बसवायला येतो. "महिन्याभरात एक गाणं बसेल ना? आईंची पंच्याहत्तरी आहे." महिन्याभरात तारांवर घासायचा गज सरळ चालायला लागला तरी मी देवाला पेढे ठेवते, हे त्यांना कसं सांगायचं?

या गावात ही रडकथा नवीन नाही म्हणा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईत ते वाढवलं, आणि तिथली इमारत कर्जापायी लिलावात गेली. मग ते आमच्या पंचवटीत येऊन राहिले आणि रामनामात रमले. एवढा मोठा माणूस, त्याचा हिशोब जुळला नाही. इंदिरानगरातल्या माझा काय जुळणार?

मे महिन्यात आजोबांनी तोडगा काढला. आधी क्लासची वेळ सहाची पाच त्यांच्यासाठीच केली होती, आणि आता ती चार झाली, कारण महिनाभर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला आणि ह्यांना पुढची खुर्ची धरायची असते. चार वाजता, त्या उन्हात, घामानं गज हातातून निसटतो. ते असो. पहिल्याच क्लासला ते व्हायोलिनची पेटी स्वतः घेऊन आले, विजयी चेहऱ्यानं.

"सूर घरून लावून आणलाय. मोबाईलवर ॲप आहे. हिरवा दिवा लागला की झालं. आता थेट चारला सुरू करा."

पेटी उघडली. तीन तारा जागेवर होत्या. सगळ्यात बारीक तार, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून सुटून स्प्रिंगसारखी गोळा होऊन पडली होती.

"ही शेवटी जरा कुरकुरली," आजोबा म्हणाले. "दिवा लालच राहत होता, म्हणून पिळत गेलो."

त्या ॲपला बिचाऱ्याला पाश्चात्य पद्धत ठाऊक. जी, डी, ए, ई. जगभरच्या व्हायोलिनला तेच. आम्ही हिंदुस्थानीवाले आपल्या षड्जाप्रमाणे प-सा-प-सा लावतो, कुणी सा-प-सा-प लावतं, ज्याचा त्याचा गुरू. मी शांतपणे समजावलं. आवाज चढू दिला नाही.

"म्हणजे जगाची एक पद्धत आणि तुमची वेगळी?"

"माझी नाही काका. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एवढी माणसं या वाद्यावर आपलं संगीत वाजवून गेली. त्यांनी कुठलं ॲप वापरलं?"

"त्यांच्या वेळी नव्हतं ना," आजोबा म्हणाले. "असतं तर वेळ वाचला असता."

नातू खाली मान घालून हसत होता. मी नवी तार काढली, बसवली, ताणली. नवी तार ताण खाते, लावली की उतरते, पुन्हा लावा, पुन्हा उतरते. घड्याळाकडे मी मुद्दामच पाहिलं नाही. खुर्चीतून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. उरलेल्या वेळात नातवानं यमनचा एक अलंकार खरंच सुरेल वाजवला, तीव्र मध्यमावर बोट नेमकं पडलं, आणि मी "वा!" म्हणून मान वर केली तर आजोबा तारेच्या पाकिटावरची किंमत उतरवून घेत होते.

निघताना दारात थांबले.

"मॅडम, मी विचार करतोय. हे सूर लावण्याचं मीच शिकून घ्यावं म्हणतो. नातवाबरोबर बसेन. ज्येष्ठ नागरिकांना सवलत काय?"

"सवलत नाही."

"रेल्वेनंही २०२० मध्ये बंद केली. तुम्ही तरी ठेवायची होती."

"पूर्ण फी, काका. ॲडव्हान्स. आणि मेची राहिलीय ती आधी."

"ती काढतोय. तुम्ही रत्नागिरीला जाणार ना, तेवढे दिवस वजा करून काढतो."

"काढा. पण वहीत एक रकाना वाढवा. चहाचा. मार्चपासूनचा."

आजोबांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग वही बगलेत घातली, टोपण लावलं.

"चहा आतिथ्य खर्चात जातो, मॅडम. तो वसूल होत नसतो."