चार फूट, पण बाह्यरून का अंदरून?

घरातलं एक पोट्टं बीएस्सी झालं की गावातली प्रत्येक गोल वस्तू त्याच्या गळ्यात पडते. कणगी असो, ड्रम असो, विहीर असो, "हा काढते नं हिशेब". उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या बाबांचं फर्मान निघालं, कोठ्याजवळ ढोरांसाठी गोल टाकं बांधायचं, हजार लिटरचं, जागा चार फुटाची, उंची तू सांग.

आता हे सोपं आहे, म्हणजे वहीत सोपं आहे. एक घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर, तर हजार लिटरचे झाले 35.3 घनफूट, व्यास चार म्हणून त्रिज्या दोन, तिचा वर्ग चार, गुणिले 3.14, तळ आला 12.56 चौरस फूट, अन् भागाकार केला की उंची 2.81, म्हणजे दोन फूट दहा इंच. मिस्त्री खर्रा घोळवत हे सगळं शांतपणे ऐकत होता, मग बाजूला थुंकला अन् म्हणे, "भाऊ, हे चार फूट बाह्यरून का अंदरून?"

भिंत चार इंचाची. दोन्हीकडचे मिळून आठ इंच गेले, आत उरले तीन फूट चार इंच. आठ इंचानं काय होते? पण त्रिज्येचा वर्ग होतो नं राजेहो, तळ धाडकन 8.7 वर आला अन् उंची चार फुटाच्या वर गेली. वासराला पाणी प्यायला स्टूल द्यावा लागला असता. आर्यभटानं 499 सालीच सांगून ठेवलं की 20000 व्यासाच्या वर्तुळाचा घेर 62832, पण भिंतीची जाडी कुठून धरायची हे मिस्त्रीलाच ठाऊक.

"अडीच फुटाच्या वर नोको," आई कोठ्यातूनच ओरडली. अडीच फुटात बसतात जेमतेम 617 लिटर. मोठ्या बाबांचं तोंड उतरलं. हजारच का, हे तेव्हा कळलं, शेजारच्यांचं टाकं हजाराचं आहे म्हणतात.

मग काय, कासरा घेऊन शेजारी. घेर भरला 11 फूट. त्याला 22 नं भागून 7 नं गुणा, व्यास साडेतीन, भिंतीचे आठ इंच वजा, उरले दोन फूट दहा इंच. तुऱ्हाटी बुडवून पाह्यली तर काठापर्यंत खोली अडीच. हिशेब आला 446 लिटर.

मोठ्या बाबांनी आकडा दोनदा वदवून घेतला, तोही शेजारच्या ओसरीवर ऐकू जाईल असा, अन् मिस्त्रीले म्हणे, "बांध अडीच फूट. सहाशे लय झाले."