एका दिवसात पाच धबधबे? नको!

श्रीलंकेच्या डोंगराळ भागातल्या एल्ला गावी स्टेशनातून बाहेर पडलं की कुणीतरी फोटोंचा तक्ता समोर धरतंच. एक दिवस, एक गाडी, पाच धबधबे. आम्हा दोघी बहिणींना त्याचे अठरा हजार श्रीलंकन रुपये सांगितले. आम्ही नाही म्हटलं आणि पुढच्या नऊ दिवसांत चारच धबधबे पाहिले. एकाचीही रुखरुख लागली नाही. म्हणून अगदी मनापासून सांगते, श्रीलंकेतलं पाणी पाहायचंय आणि खिसा बेताचा आहे, तर सुट्टी जास्त काढा. पैशांचं तिथे जमून जातं. घाई केली की मात्र प्रत्येक गोष्टीला गाडी लागते आणि तिथेच बजेट कोसळतं.

आधी महिना बघा, मग धबधबा ठरवा. बेटाच्या मधोमध डोंगर, आणि पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. एका उतारावर धो धो पडत असतं तेव्हा दुसरा बऱ्यापैकी कोरडा असतो. बंबरकंद हा देशातला सर्वात उंच धबधबा, 263 मीटर. पण कोरड्या महिन्यांत तिथे कातळावरून पाण्याची एक बारीक रेघ उतरते. फोटो बघून विमानाचं तिकीट काढणाऱ्यांचा तिथे हिरमोड होतो. पैसे वाया जातात ते असे.

प्रवासाचं सोपं आहे. एल्लावरून जाणाऱ्या बदुल्लाच्या रेल्वेची आरक्षित तिकिटं भराभर संपतात, मग ती चढ्या भावाने विकणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. तिसऱ्या वर्गाचं विनाआरक्षण तिकीट त्याच दिवशी स्टेशनवर मिळतं. उभं राहावं लागेल, पण दारातून चहाचे मळे दिसतात आणि कुणी ना कुणी सरकून जागा देतं. पुढे लाल सरकारी बस. ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्धाची तसबीर, भोवती लुकलुकणारे दिवे, पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव. एल्लाहून वेल्लवायाला उतरून दुसरी बस पकडली, दोन्ही मिळून माणशी तीनशे श्रीलंकन रुपयांच्या आत दियलुमा धबधब्याला पोहोचलो. वाटेत रावण एल्ल अगदी रस्त्याला लागून आहे, बसच्या खिडकीतूनही दिसतो. सिंहलीत एल्ल म्हणजेच धबधबा, ओढ्याला ओया म्हणतात, आणि मोठी नदी म्हणजे गंगा! केलानी गंगा, कालू गंगा, 335 किलोमीटरची महावेली गंगा. पुलांवरच्या पाट्या वाचताना परक्या देशात आहोत असं वाटेचना.

दियलुमासाठी अख्खा दिवस ठेवा. 220 मीटरचा कडा खालून, रस्त्यावरूनच दिसतो, आणि गाडीवाले तिथेच फोटो काढून पुढे जातात. खरी मजा माथ्यावर आहे. कोस्लंदाच्या बाजूने टुकटुकने, म्हणजे रिक्षाने, वर जायचं, मग डोक्याएवढ्या गवतातून पायवाट. वर कातळात एकाखाली एक डोह, आणि शेवटच्या डोहानंतर थेट आभाळ. तिथे आम्ही गावातला एक मुलगा वाटाड्या म्हणून घेतला होता. आम्ही डोहात निवांत बसलेल्या, ऊन पडलेलं. त्याने वरून वाहत आलेली दोन-चार सुकी पानं पाहिली, पाण्यात हात घातला आणि म्हणाला, बाहेर या, आत्ता. मला तर रागच आला होता. पंधरा-वीस मिनिटांत तेच पाणी चहासारखं गढूळ झालं आणि आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला. डोंगरात वर कुठेतरी पाऊस पडला होता, आमच्या डोक्यावर एक थेंब नव्हता.

म्हणून वाटाड्याच्या पैशात घासाघीस करू नका, हात जोडून सांगते. किथुलगलाला केलानी गंगेत राफ्टिंग करताना लाइफ जॅकेटचा पट्टा तुटका दिसला तर स्वस्त पडतंय म्हणून बोटीत चढू नका. बचतीला इतर जागा खूप आहेत. घरगुती मुक्काम, दुपारी भात आणि चार भाज्या, आणि हॉर्टन प्लेन्स हे राष्ट्रीय उद्यान सरळ गाळणं. तिथला बेकर्स धबधबा सुंदर असेलही, पण परदेशी माणसाचं तिकीट आणि गाडीभाडं मिळून आमच्या तीन दिवसांचा खर्च झाला असता.

तलवाकेलेजवळचा सेंट क्लेअर्स धबधबा बघून मात्र वाईट वाटलं. अप्पर कोत्मले जलविद्युत प्रकल्पासाठी त्याचं पाणी बोगद्यातून विजेकडे वळवलंय, धबधब्याच्या वाट्याला थोडंच सोडतात. देशाला वीज हवी हे मला कळतं. तरी तो रुंद, अर्धा उघडा पडलेला काळा कातळ बघवत नाही.

दियलुमाहून परतताना अंधारून आलं. रस्त्याकडेला चहाचं एक छोटं दुकान, त्यात साठीच्या एक बाई. मी सवयीने "अक्का" म्हणून गेले, तर त्या चमकून हसल्याच. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. धाकटीला नंगी, हे त्यांनी माझ्या बहिणीकडे बोट दाखवून शिकवलं. बिनदुधाचा चहा दिला, ओल्या केसांकडे बघून आणखी एक दिला. वेल्लवायाची बस वळणावर दिसली तेव्हा आमच्या आधी त्या बाईच रस्त्यावर धावल्या, हात वर करून, आणि ड्रायव्हरला सिंहलीत काहीतरी दटावून सांगितलं. कंडक्टरने आम्हाला एल्लाच्या बसमध्ये स्वतः बसवून दिलं.



जानेवारीत जाणार असाल तर विचारा, बसचे टप्पे सगळे वहीत लिहून ठेवलेत.