गहू, दूध, तूर, कांदा-लसूण ‘जन्मभर सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘गहू, दूध, तूरडाळ आणि कांदा-लसूण ही पोटाची चार विषं आहेत. आपले आजे-पणजे गहू खातच नव्हते. एकवीस दिवस चारही बंद करा. गॅस, ॲसिडिटी, मूळव्याध, सगळं जाईल. बरं वाटलं तर समजा की हेच तुमचे शत्रू, मग जन्मभर शिवू नका. खात्री करायची असेल तर रक्ताची फूड टेस्ट करा. डॉक्टरची गरज नाही.’

मी याच भागात आहारसल्ल्याचं काम करते. हा मेसेज वाचून वरण आणि दूध सोडलेल्या बाया माझ्यासमोर येऊन बसतात. त्यातल्या कित्येकींची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक असते, म्हणजे अंगात रक्त कमी. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन लिहिते आहे.

आधी एक मान्य करते. काही पदार्थ ठरावीक दिवस बंद ठेवून पोटाला काय सोसत नाही ते शोधायची पद्धत खरी आहे. डॉक्टर तिला एलिमिनेशन डाएट म्हणतात. तिचा पोटासाठी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रकार ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात तयार झाला, त्याला लो-फॉडमॅप आहार म्हणतात, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या ठरावीक साखरा कमी असलेला आहार. वारंवार पोट दुखणं, फुगणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा आयबीएसच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना त्यानं आराम पडतो. पण त्या पद्धतीत तीन टप्पे आहेत: बंद करणं, एकेक करून परत सुरू करणं, आणि त्यावरून आपलं कायमचं ताट ठरवणं. मेसेजनं पहिला टप्पा उचलला आणि उरलेले दोन टाकून दिले.

‘ही पोटाची चार विषं आहेत’

या चार वस्तू पोटात एकच काम करत नाहीत. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टॅन नावाची साखरेची साखळी असते. तुरीत, हरभऱ्यात, वालात गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतं. दुधात लॅक्टोज. पहिल्या दोन गोष्टी पचवणारा रस माणसाच्या लहान आतड्यात मुळातच नसतो, कोणाच्याच नाही. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस तयार होतो. चण्याची उसळ खाल्ल्यावर पोट गुरगुरणं म्हणजे शरीराचं नेहमीचं काम आहे. ज्यांचं आतडं जास्त संवेदनशील असतं त्यांना तेवढाच गॅस दुखतो, बाकीच्यांना कळतही नाही. याला विष म्हणत नाहीत.

लॅक्टोजचं थोडं वेगळं आहे. ते पचवणारा लॅक्टेज नावाचा रस लहानपणी जवळजवळ सगळ्यांकडे असतो, मोठेपणी पुष्कळांचा कमी होतो. तरीही पेलाभर दुधातलं साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज एका वेळी बहुतेकांना फारसा त्रास न होता झेपतं. चहातलं दूध तर त्याहून किती कमी! दह्यातलं लॅक्टोज विरजणाचे जिवाणूच थोडंफार फोडून ठेवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्याला मठ्ठा बहुधा सोसतो.

मग कोणाला नुसतं दूध बाधत असेल, कोणाला नुसता कांदा. चौघांना एका दोरीत बांधून शिक्षा दिली तर खरा दोषी कधी सापडणारच नाही.

‘आजे-पणजे गहू खातच नव्हते’

रोजची जवारीची भाकर होती, हे खरं. पण भंडाऱ्याच्या पंगतीतले भाजलेले रोडगे कशाचे होते? गव्हाचेच. बन्सी गहू विदर्भाच्या कोरडवाहू वावरांत पिकत होता आणि सणावाराला घरोघरी शिजत होता. जवारी पोटाला हलकी आहे, तिच्यात ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन नाही, ती जरूर खावी. तेवढ्यासाठी गव्हाचा खोटा इतिहास सांगायची गरज नाही. शिवाय रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, जवारी बहुधा विकत आणावी लागते. मजुरी करणाऱ्या घराला ‘गहू सोडा’ सांगताना तो खर्च कोण देणार?

‘एकवीस दिवस बंद करा, बरं वाटलं तर हेच तुमचे शत्रू’

एकवीस दिवसांचा आकडा अगदी चुकीचा नाही. दोन ते सहा आठवडे बंद ठेवणं हे मूळ पद्धतीतही आहे. चूक आहे ती पुढच्या वाक्यात.

चार वस्तू बंद झाल्या की आपोआप बरंच काही बदलतं. तर्री-पोहे गेले, हॉटेलची भजी गेली, लग्नातली पुरी-भाजी गेली, रात्रीचं पोटभर जेवण अर्ध्यावर आलं. आयबीएसचा त्रास मुळातच कमी-जास्त होत राहतो, आणि माणूस तो सर्वांत वाढलेला असतानाच उपाय सुरू करतो, त्यामुळे त्यानंतर थोडा उतार पडणारच होता. वर ‘याने बरं होतं’ हा विश्वास. या सगळ्यातून बरं वाटलं तर श्रेय कोणाला द्यायचं? मोटार बंद पडल्यावर मिस्त्री चार वायरी एकदम सोडवतो, पण नंतर एकेक जोडूनच पाहतो ना.

गव्हाचंच उदाहरण घ्या. गहू सोडल्यावर बरं वाटलं की लोक ग्लूटेनला दोष देतात. २०१८ साली ओस्लोच्या संशोधकांनी सेलिॲक आजार (ग्लूटेननं आतडं खराब होण्याचा आजार) नसलेल्या, पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ लोकांना तीन प्रकारच्या वड्या सात-सात दिवस खायला दिल्या. एकीत ग्लूटेन होतं, एकीत फ्रुक्टॅन, एकीत दोन्ही नव्हतं, आणि कोणती कोणती ते खाणाऱ्याला माहीत नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टॅनच्या वडीनं झाला. ग्लूटेनच्या वडीनं काहीच नसलेल्या वडीपेक्षा जास्त त्रास झाला नाही. ही माणसं ज्याला दोष देत होती, तो बहुतेकांच्या बाबतीत दोषी नव्हता. परत खाऊन पाहिल्याशिवाय हे कळलं नसतं.

परत खाऊन पाहायचं ते असं. बंद केलेलं बाकी सगळं बंदच ठेवायचं आणि एकच वस्तू तीन दिवस वाढत्या मापानं घ्यायची. पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. मग दोन-तीन दिवस काहीच नवीन नाही. पोट शांत राहिलं तर पुढची वस्तू: दूध अर्धा कप, एक कप, मोठा पेला. मग वरण. कांदा आणि लसूण वेगवेगळे, कारण कित्येकांना एक चालतो आणि दुसरा चालत नाही. त्रास झाला तर तिथेच थांबायचं, पोट पूर्ववत होऊ द्यायचं. वहीत वेळेसकट लिहायचं, कारण खाल्लेलं मोठ्या आतड्यात पोचायला चार-सहा तास किंवा जास्तही लागतात. सकाळचा चहा घेतल्यावर पोट फुगलं तर लोक दुधाला दोष देतात, आणि रात्रीची वांग्याची भाजी, तिच्यातला कांदा-लसणाचा भरपूर मसाला कोणाच्या लक्षातही येत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचा), उपाशीपोटी चहा, वावरातून आल्यावर घेतलेली अंगदुखीची गोळी, पाळी, जागरण, हेही त्याच वहीत लिहा. तपासणीच्या दिवसांत लग्नसराई टाळलेली बरी.

खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला असं कधी झालं असेल, तर ती ॲलर्जी आहे. तो पदार्थ घरी परत खाऊन पाहू नका.

‘जन्मभर शिवू नका’

माझा सर्वांत मोठा राग या वाक्यावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २,००० उष्मांकांच्या रोजच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आणि ३०० मिलिलिटर दूध-दही सांगते. आपल्याकडच्या किती ताटांत एवढं असतं? जिथे मांस-मासळी क्वचित शिजते आणि अंडी रोज परवडत नाहीत, तिथे वरण हेच प्रथिन आहे. ते काढून घेतलं तर ताटात भात आणि तिखट उरतं.

पोटालाही हे मानवत नाही. लो-फॉडमॅप आहारावर राहिलेल्यांच्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी जिवाणू कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच पहिला टप्पा आठवड्यांचा ठेवलेला आहे.

आणि दोषी सापडला तरी त्याला पूर्ण हाकलावं लागतंच असं नाही. वाटीभर वरण बाधतं, अर्धी वाटी चालते, असंच बहुतेकांचं निघतं. डाळीतली ती साखर पाण्यात उतरते, म्हणून डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. लसणाचं फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. फोडणीच्या तेलात लसूण लाल करून, पाणी किंवा भाजी टाकायच्या आधी पाकळ्या काढून घेतल्या तर चव राहते आणि त्रास टळतो. पाकळ्या मात्र खरंच काढा, ठेचलेला लसूण घातला तर उपयोग नाही.

‘मूळव्याध, ॲसिडिटी, सगळं जाईल’

मूळव्याध वाढते ती कुंथल्यानं. गहू आणि डाळ दोन्ही सोडून भातावर आलात तर चोथा कमी होतो, शौच कडक होते आणि मूळव्याध वाढते. ॲसिडिटीत कांदा काहींना बाधतो, पण खर्रा आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या तशाच चालू ठेवून कांद्यावर राग काढण्यात अर्थ नाही. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात.

‘रक्ताची फूड टेस्ट करा’

या महागड्या तपासण्या बहुधा रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं (शरीराची संरक्षक प्रथिनं) मोजतात. तुम्ही जे रोज खाता, त्याची आयजीजी रक्तात असणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच सांगितलं आहे की ही तपासणी अन्नाची ॲलर्जी किंवा असहिष्णुता ओळखायला वापरू नये. त्या पैशांत जवारी आणि अंडी आणा.

‘डॉक्टरची गरज नाही’

शौचातून रक्त, काळी शौच, न कळत घटलेलं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार: यातलं एकही असेल तर आहाराचे प्रयोग नकोत. आतड्याचा क्षय, जंत, व्रण, कर्करोग, यांतलं काहीही गहू सोडून जात नाही, आणि एकवीस दिवस मात्र वाया जातात. उपकेंद्रात आशाताईंना सांगा, ग्रामीण रुग्णालयात दाखवा, पुढे लागलं तर सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आधीच काडी झालेली माणसं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, यांनी सल्ल्याशिवाय काहीही बंद करू नये.

सेलिॲक आजाराची शंका असेल तर आणखी एक गोष्ट. यात गव्हातलं ग्लूटेन खरोखरच आतडं खराब करतं, आणि गहू जन्मभर सोडावाच लागतो, तोही इतका कडक की गिरणीत गव्हानंतर दळलेली जवारी आणि गव्हाचं पीठ मिसळलेला हिंगही चालत नाही. पण त्याची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच सोडला असेल तर आजार असूनही तपासणी नॉर्मल येऊ शकते, आणि मग कित्येक आठवडे परत पोळी खाऊन नव्यानं रक्त द्यावं लागतं. ज्या लेकराची वाढ खुंटली आहे, पोट सतत बिघडतं, गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, त्याची पोळी घरच्या घरी बंद करू नका. आधी तपासणी करून घ्या.