भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे? जरा हिशोब मांडूया

"भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात, तेवढ्याच पैशात हप्ता भरा, २० वर्षांनी घर तुमचं आणि घराची किंमत कधी खाली येत नाही." हा मेसेज मला या आठवड्यात तीनदा आला, आणि माझा मावसभाऊ त्याच्याच जोरावर पुण्याजवळ वाकडला फ्लॅटचं बुकिंग करायला निघालाय म्हणून लिहितोय.

तेवढ्याच पैशात? ८० लाखाचा टू बीएचके धरा, २० लाख खिशातले, ६० लाख लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता बसतो ५२ हजार, आणि तसलाच फ्लॅट शेजारच्या बिल्डिंगमध्ये २५ हजाराच्या आसपास भाड्याने मिळत असेल तर? बरं पहिल्या हप्त्यातले ४२,५०० नुसतं व्याज, मुद्दलात जातात जेमतेम साडेनऊ हजार. भाडं पाण्यात जातं मग हे ४२,५०० कुठे जातात सांगा ना. २० वर्षांत व्याजच ६५ लाख होतं. शिवाय पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के (बाईच्या नावावर ६), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच १० लाख गेले, आणि हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

किंमत वाढते, मान्य. पण "२०१० ला २५ लाखाचा फ्लॅट २०२५ ला ७५ ला विकला, तिप्पट!" हे ऐकायला भारी वाटतं, वर्षाला काढलं तर साडेसात टक्क्यांच्या जरा वर येतं. त्यातच २०१२ ते २०१५ ला साधं पीपीएफ (सरकारी बचत योजना) साडेआठच्या वर व्याज देत होतं. आणि मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, रंगकाम, व्याज, यातलं काहीच त्या तिपटीतून वजा केलेलं नसतं. हां, स्वतः राहिला असेल तर वाचलेलं भाडं पण धरायला पाहिजे, ते मीही धरतो.

टॅक्स वाचतो म्हणे. स्वतः राहता त्या घराच्या व्याजावरची २ लाखाची सूट फक्त इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये (कर मोजायच्या दोन पद्धतींपैकी जुनी). नवीनमध्ये शून्य.

आता मेसेजमधलं जे खरं आहे ते. दर ११ महिन्यांनी मालकाचं तोंड बघायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, याचा त्रास मी स्वतः चार घरं बदलून भोगलाय, त्यासाठी घर घेणं अगदी योग्य आहे, फक्त त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणू नका. आणि भाड्याने राहून वरचे २७ हजार (५२ चा हप्ता वजा २५ भाडं) जर उडणारच असतील तर हप्ताच बरा, निदान सक्तीने बचत होते.

मावसभावाला सांगितलंय, ताबा मिळालेलं घर बघ म्हणजे भाडं आणि हप्ता एकदम भरावं लागणार नाही, आणि त्याआधी सहा महिने ते २७ हजार दर महिन्याला आरडीत (बँकेतली मासिक ठेव) टाकून बघ. ओढाताण न होता जमलं तर घे.