क्रमशः म्हणजे काय रे भाऊ?

दर बुधवारी '२००० एडी' या ब्रिटिश कॉमिकचा नवा अंक येतो आणि दर गुरुवारी आमच्या ८:१२च्या लोकलमध्ये तेच रडगाणं सुरू होतं. "पूर्वीची मजा नाही राहिली!" अरे बाबा, पूर्वीची म्हणजे कधीची? हे साप्ताहिक निघतंय १९७७ पासून, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास! फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेले चार पिवळे पडलेले अंक, एवढीच तुझी पुण्याई.

दुसरा म्हणतो, "या भागात काही घडतच नाही." कसं घडणार? अंकात पाचेक कथा, एकेकीच्या वाट्याला पाच-सहा पानं. क्रमशः आहे ते! आईची मालिका रोज अर्धा तास नुसत्या जिन्यावर अडकलेली असते, तेव्हा नाही कुणी बोलत.

तिसऱ्याला त्यातला हेल्मेटवाला नायक जज ड्रेड म्हातारा झाल्याचं दुःख. अहो, आपलं एक वर्ष सरलं की त्याचंही सरतं, पहिल्यापासून असंच चाललंय. त्यातच तर गंमत आहे! (हेल्मेट काढून एकदा तोंड दाखवायला काय जातं त्याचं, हाही प्रश्न महिन्यातून दोनदा येतोच.)

पण हे सगळे परवडले. काल कुर्ल्याला चौथा चढला. हातात वडापाव. माझ्या खांद्यावरून डोकावला, चटणीचा अंगठा थेट माझ्या मोबाईलवर ठेवून सरर्कन शेवटच्या पानावर गेला आणि म्हणाला, "हा बघ, मेला. फालतू अंक."

मी अजून मुखपृष्ठावरच होतो.